जफरचा कंबरपट्टा

उमरखेडच्या बाजारात अय्यूबमियाँ टांग्याच्या घोड्यांचा साज शिवायचे. त्यांचा एकुलता मुलगा जफर १९६१ साली जंगलखात्यात नाकेदार झाला. कंबरेला हातभर लांब कोयता, झाडांवर शिक्का मारायची हातोडी आणि पाण्याची बाटली बांधून तो दिवसभर जंगल फिरायचा. पहिल्या सुटीत घरी आला तेव्हा त्याची मांडी काळीनिळी पडली होती. चालताना कोयता तिथं आपटायचा आणि बसलं की मूठ बरगडीत रुतायची.

अय्यूबमियाँनी दोन दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. कोयत्याचं म्यान कंबरपट्ट्याला अडकवायला त्यांनी वर चामड्याचा सैल फास शिवला, त्यामुळे बसताना कोयता आपोआप मागं सरकू लागला. हातोडी दुसऱ्या बाजूला अडकवून भार सारखा केला आणि खांद्यावरून एक पट्टा घेतला. जफर अंगणात चालला, उकिडवा बसला, उठला.

"अब्बा, कंबरेले काही बांधलं हाये असंच वाटत नाही," तो म्हणाला.

त्याच पावसाळ्यात जफर हिवतापानं गेला.

पुढं त्याचे सोबती तसाच पट्टा मागायला येऊ लागले. अय्यूबमियाँनी कुणालाच नाही म्हटलं नाही. पण पट्टा बांधून माणूस अंगणात चालू लागला की ते मान खाली घालत.

"चाचा, पाहून सांगा ना, नीट लटकून राह्यला का?" वामन नाकेदारानं एकदा विचारलं.

"तुले टोचत नाही ना?" अय्यूबमियाँ जमिनीकडं पाहत म्हणाले. "मंग बराबर हाये."