सोडलेली जागा
तिखट-मीठ लावलेल्या कैरीचा वास आला की मला खुलताबादच्या घाटातली मे महिन्यातली एक दुपार आठवते. बारावीनंतर मला अमेरिकेतल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला होता आणि इंग्लंडमधल्याही एका. माझं मन अमेरिकेकडं होतं, पण लहानपणापासूनची माझी मैत्रीण महिनाभर मागं लागली होती, ‘इंग्लंडलाच चल, तीनच वर्षांत डिग्री होते, दोघी एका खोलीत राहू.’ शेवटी अब्बांशी वाद घालून मी अमेरिकेला नकार कळवला. त्यानंतर आठवड्याभरानं आम्ही दोघी तिच्या स्कूटीवर फिरायला निघालो. घाटात उन्हाच्या झळा लागत होत्या, म्हणून एका चिंचेखाली थांबून कैरी घेतली. फोड चघळत, रस्त्याकडं बघत ती म्हणाली, ‘मी अमेरिकेला चाललेय.’ तिनं विद्यापीठाचं नाव सांगितलं, ते मी सोडलेलंच होतं. तिथं तिला वेटिंगवर ठेवलं होतं म्हणे. ‘तू पण अर्ज केला होता? मग मला बोलली का नाय?’ मी विचारलं. ‘बोलले असते तर तू जागा सोडली असती का?’ हे ती इतकं सरळ म्हणाली की मला रडूही आलं नाही. परतायला दुसरं काही मिळेना, म्हणून तिच्याच मागं बसून घरी आले, पण अख्ख्या वाटेत तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही. इंग्लंडमध्ये माझं काही वाईट झालं नाही. ती अजूनही दर ईदला लांबलचक मेसेज पाठवते, आणि मी ‘शुक्रिया’ एवढंच लिहिते.