तलावातली तिसरी फेरी

मी कुठलीच गोष्ट शेवटाला नेत नाही, हे आमच्या घरात केव्हाच सिद्ध झालेलं होतं. पुरावे कपाटात ठेवलेले होते. चोच आणि एक डोळा एवढाच मोर भरलेला रुमाल, एका बाहीचा स्वेटर, हिंदीच्या परीक्षेचा भरलेला पण न पाठवलेला फॉर्म. हार्मोनियमवर मी ‘सा’पासून ‘ध’पर्यंत पोचले आणि मास्तरांची बदली झाली. यात माझा काय दोष, असं मी म्हटलं की आत्या म्हणायची, मास्तरांनी ती बदली मागून घेतली.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. आई मी तीन वर्षांची असताना गेली, तेव्हापासून घर आत्याच्या हातात होतं. वडील बार्शीटाकळीला प्राथमिक शाळेत हेडमास्तर होते. गावाबाहेर आमचं थोडं शेत होतं आणि शेतात एक गोल, बांधलेली, बारमाही पाण्याची विहीर. साठ-एकसष्ट साल असावं. मी अकरावीत, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात होते, आणि मला पुढे सायन्स शिकायचं होतं. अकोल्याला रोज गाडीने जाण्यायेण्याला वडिलांची साफ ना होती. अमरावतीला मुलींचं वसतिगृह होतं, तर तिथे पाठवा, असा मी धोशा लावला होता.

वडील शांत माणूस. त्यांनी आरडाओरडा केला नाही. कपाट उघडलं, तो मोर बाहेर काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, “अमरावतीले जाशील आन दिवाळीले बिस्तर घेऊन वापस येशील. एक गोष्ट शेवटाले नेऊन दाखव, मंग बोल. नाई तर मॅट्रिक झाली का मी स्थळं पाहायले मोकळा.”

मला राग फार लवकर यायचा, अजूनही येतो. त्या रागात मी समोरचं वर्तमानपत्र ओढलं. ते नागपूरहून यायचं आणि आमच्या हाती एक दिवस शिळं पडायचं. त्यात एक बातमी होती. दसऱ्यानंतरच्या रविवारी अमरावतीबाहेरच्या तलावात लांब पल्ल्याची पोहण्याची शर्यत, या काठावरून त्या काठापर्यंत आणि परत, अशा तीन फेऱ्या, मिळून तीन मैल. मी त्या बातमीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, ही शेवटाला नेते. रागात बोट दोन इंच वर पडलं असतं तर मला सरकी पेरण्याच्या नव्या पद्धतीवर भाषण द्यावं लागलं असतं.

पोहायला मला येत होतं. सहा वर्षांची असताना वडिलांनी झाळून बंद केलेला रॉकेलचा रिकामा डबा माझ्या पाठीला बांधला, कमरेला दोर लावला आणि मला विहिरीत सोडलं. वर्षभरात डबा सुटला. आमच्या विहिरीच्या कोनाड्यात आसरांचे शेंदूर लावलेले दगड होते. पाण्यातल्या या देवतांना राग येऊ नये म्हणून आत्याने एक नियम घातलेला होता, की विहिरीत पोहायचं ते प्रदक्षिणेसारखंच, उजवीकडे वळत. उलटी फेरी मारलेली तिला खपत नसे. ती काठावर बसून पाहायची आणि चुकून कोणी उलटं फिरलंच तर वरून ओला कपडा फेकून मारायची. आमच्या घरातले सगळे आणि शेतावर कामाला येणाऱ्यांची पोरंसुद्धा त्याच अंगाने पोहायची. त्यात काही विशेष आहे, असं कोणालाच वाटलं नव्हतं.

सरावही विहिरीतच झाला. वडील स्वतः हेडमास्तर, त्यामुळे त्यांनी विहिरीचा व्यास मोजला, बावीस सप्तमांशाने गुणलं आणि तीन मैल म्हणजे किती फेऱ्या ते पाटीवर काढून दिलं. मी हरावं अशी त्यांची मनातून इच्छा असेलही, पण चुकीचं गणित त्यांच्या हातून झालं नसतं. आत्या काठावर सरकीचे दाणे घेऊन बसे आणि दर फेरीला एक दाणा बाजूला काढी. पोरीच्या जातीने चारचौघांत पाण्यात उतरणं तिला मुळीच मंजूर नव्हतं आणि ते ती दर दहा दाण्यांनी एकदा मोठ्याने सांगे. तरी दाणा मात्र कधी चुकला नाही. दसऱ्यापर्यंत माझ्या सगळ्या फेऱ्या पुऱ्या व्हायला लागल्या. वडिलांनी गणितात एकच गोष्ट धरली नव्हती, ती ही की तलाव गोल बांधलेला नसतो.

शर्यतीचा पोशाख आत्याने शिवला. वडिलांच्या जुन्या सदऱ्यांचा होता तो. बाह्या कोपराखाली, पायाला घोट्याशी नाड्या, गळा बंद. हा पोशाख घालून मी एखाद्या संन्याशाच्या लग्नालाही जाऊ शकले असते.

त्या तलावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. तिथल्या मासे धरणाऱ्या भोई मंडळींचा माझ्यावरचा राग अजून गेला नसेल. शर्यत भरवणारे गावातले काही हौशी लोक होते. त्यांचे प्रमुख धोतर, कोट आणि गळ्यात शिट्टी अशा थाटात बांधावर उभे होते. मला पाहून त्यांनी खिशातला नियमांचा कागद दोनदा वाचला. मुलींना मनाई असं त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं, कारण मुलगी येईल असं कोणाच्या मनातच आलं नव्हतं. शेवटी त्यांनी माझंही नाव घेतलं आणि सगळ्यांना बजावलं, की सोबतच्या होडीला, म्हणजे डोंग्याला, हात लावला की शर्यतीतून बाद. डोंगा एकच होता आणि त्यात एक म्हातारे भोईबुवा बसलेले होते.

शिट्टी झाली. अठरा-वीस पुरुषांनी सुळकन सूर मारले. मी सवयीने नाक धरून, पाय पोटाशी घेऊन मुटका मारला. विहिरीत असंच उतरतात. पाणी जे उडालं ते प्रमुखांच्या धोतरापासून कोटाच्या दुसऱ्या गुंडीपर्यंत गेलं, असं नंतर आत्याने मोठ्या समाधानाने सांगितलं.

पलीकडच्या काठाशी पाण्यात एक बांबू रोवून त्याला लाल फडकं बांधलं होतं. त्याला वळसा घालून परत यायचं. मी मान वर ठेवून, फडक्याकडे पाहून पोहायला लागले. थोड्या वेळाने पाहिलं तर फडकं डावीकडे गेलेलं. मी सरळ झाले. पुन्हा थोड्या वेळाने फडकं डावीकडेच. मला वाटलं, वाऱ्याने बांबू सरकतोय. मग पायाला काहीतरी गुंडाळलं, हाताला टोचलं, आणि मी शिंगाड्याच्या वेलांत पुरती अडकले. भोईबुवांनी डोंगा वल्हवत आणला, पण तो माझ्यासाठी नव्हे, शिंगाड्यांसाठी. पीक त्यांचंच होतं.

“बाई, साऱ्या तलावात तुले माहेच शिंगाडे सापडले काय?” असं त्यांनी विचारलं. मग त्यांनी दुरूनच काठीने वेल बाजूला केले आणि मी निघाले तशी मागून माझ्याकडे पाहत राहिले. मी पुन्हा उजवीकडे वळले. ते पुन्हा आले. त्यांनी विचारलं, पोहायला कुठे शिकलीस. मी म्हटलं, विहिरीत. ते डोंग्यात मांडीवर थाप मारून हसले. चाळीस वर्षं पाण्यात काढलेला माणूस, गोल फिरून फिरून माझ्या अंगाला उजवीकडचं वळण लागलंय हे त्यांना कळलं. ते म्हणाले, बांबूकडे पाहूच नकोस, बांबूच्या डावीकडे ते चिंचेचं झाड आहे ना, त्याच्याकडे जा, म्हणजे आपोआप बांबूवर येशील. मी चिंचेकडे निघाले आणि बरोबर बांबूशी पोचले. आयुष्यात पुढे मला पुष्कळ शिकलेल्या लोकांनी पुष्कळ सल्ले दिले, इतका खरा एकही निघाला नाही.

परतताना डावीकडची खूण म्हणून आत्या सापडली. बांधाच्या एका अंगाला ती पांढरं लुगडं नेसून उभी होती. मी तिच्यावर नजर ठेवली. पण आत्याला ऊन लागलं, ती सावलीला सरकली, मीही सरकले. मग तिला तिथे मुंग्या दिसल्या. त्या फेरीत मी आत्याच्या मागे मागे अर्धा तलाव हिंडले. काठाशी येऊन मी धापा टाकत ओरडले, “आत्या, आता हालू नको.” ती काय समजायची ते समजली.

दुसरी फेरी संपवून मी बांधाशी आले, तेव्हा बाकीचे सगळे केव्हाच पोहून, अंग पुसून, बक्षिसं घेऊन चिवडा खात होते. ऊन डोक्यावर आलं होतं. माझ्या बाह्यांत पाणी भरून हात शिशाचे झाले होते आणि दोन्ही पायांत गोळे येत होते. प्रमुख पाण्याशी येऊन गोडीने म्हणाले, की बस झालं, मुलीच्या मानाने हे खूपच आहे, दोन फेऱ्यांचं प्रशस्तिपत्र आम्ही देऊ. त्यांनाही जेवायचं होतं, त्यांचं काही चुकलं नाही. मागून वडील आले, हातात टॉवेल घेऊन.

“ये बाहीर आता,” ते म्हणाले. “कोनी काई म्हनत नाई तुले.”

मी कमरेइतक्या पाण्यात उभी होते. मला बाहेर यायचं होतं, अगदी मनापासून यायचं होतं. मी एवढंच विचारलं, “आन अमरावती?”

वडिलांनी टॉवेलची घडी नीट केली. “ते घरी पाहू,” म्हणाले.

आमच्या घरात ‘घरी पाहू’ म्हणजे काय ते मला सतरा वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. मी पाठ फिरवली आणि पाण्यात शिरले. मागे प्रमुख शिट्टी वाजवत होते. मी जाताना रडत होते, पण तलावात रडण्याचा एक फायदा असतो, कोणाला कळत नाही.

तिसऱ्या फेरीचं मला फारसं आठवत नाही. चिंच आठवते. डोंगा सगळा वेळ माझ्याबरोबर हातभर अंतरावर चालला होता ते आठवतं. एकदा गोळा आला तेव्हा माझा हात त्याच्याकडे गेलाही, तर भोईबुवांनी वल्हं मारून डोंगाच दूर नेला आणि मला उताणी पडून राहायला सांगितलं. मी आभाळाकडे पाहत पडून राहिले, पाय मोकळा झाला, पुन्हा निघाले. आणि येताना दर वेळी मान वर केली की समोर आत्या दिसायची. बांधावर आता कोणी नव्हतं, मंडळी सावलीला गेली होती. ती मात्र भर उन्हात, डोक्यावर पदर घेऊन, होती तिथेच उभी होती. मुंग्या चावल्या असतील तर चावल्या. पाऊण तास ती जागची हलली नाही, आणि मी सरळ तिच्या रोखाने येत राहिले.

मी चिखलात गुडघ्यांवर बाहेर आले तेव्हा आत्याने मला टॉवेलात गुंडाळलं आणि पहिल्यांदा कुठल्या गोष्टीवर बोट ठेवलं असेल, तर पायाची एक नाडी सुटली होती त्यावर.

बडनेऱ्याला अकोल्याच्या गाडीला वेळ होता. फलाटावरच्या बाकावर आम्ही तिघं बसलो. आत्याने दशम्या काढल्या. वडील खाईनात. ते उठले, बाहेर जाऊन पोस्टाचं एक कार्ड घेऊन आले आणि मांडीवर वही ठेवून पेनाचं टोपण काढून बसले. मग माझ्याकडे न पाहता त्यांनी सांगितलं, की मूर्तिजापूरची काही मंडळी येत्या गुरुवारी मला पाहायला यायची आहेत. त्यांनी पंधरा दिवसांपूर्वीच कळवून टाकलं होतं, या म्हणून.

मी खात होते ती दशमी तशीच हातात राहिली. पंधरा दिवसांपूर्वी म्हणजे ते पाटीवर माझ्या फेऱ्या मांडून देत होते तेव्हा. मी डोंगा धरणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. त्या तीन मैलांत मला जेवढं दमायला झालं नव्हतं तेवढं त्या एका वाक्याने झालं. मला वाटलं, ओरडावं, तेही भर फलाटावर. पण वडिलांनी कार्डाच्या कोपऱ्यावर टेकवलेल्या पेनाखाली शाईचा डाग पसरत चालला होता, आणि त्यांच्या कागदावर डाग मी कधी पाहिला नव्हता. साऱ्या तालुक्यात त्यांचं अक्षर वळणदार म्हणून नाव होतं.

“मले वाटलं तू सोडशील,” ते म्हणाले. “दुसऱ्या फेरीले तर मले वाटलं, सोडलं तर बरं. चुकलं माहं.”

आत्या दुसरीकडे पाहत होती. वडिलांनी कार्डावर तारीख घातली, मायना लिहिला, स. न. वि. वि. लिहिलं आणि थांबले. आणि मग, मला आठवतं तेव्हापासून प्रथमच, त्यांनी मला विचारलं, “काय लिहू?”

“लिहा,” मी म्हटलं, “मुलगी अमरावतीले कॉलेजात शिकून राहिली.”

“अजून मॅट्रिक व्हायची हाये तुही,” ते म्हणाले. हेडमास्तरच ते, खोटं लिहिणं त्यांना जड जात होतं.

पण लिहिलं त्यांनी तसंच. गाडी यायच्या आधी ते स्वतः उठून पेटीत टाकूनही आले.