भागिरथीबाईंची पुडी

भागिरथीबाई मला भेटल्या त्या नगरच्या एका खासगी दवाखान्यात, आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर. नव्याण्णवचा मार्च. आत माझे सासरे होते आणि शेजारच्या खाटेवर भागिरथीबाईंचे यजमान, बन्सी. पायाच्या जखमेतून विष रक्तात भिनलेलं. सलाईनमधून प्रेशर चढवायचं औषध चालू होतं, तरी ब्लडप्रेशर सत्तरच्या वर येईना.

आमच्याकडे माणसांची रीघ. त्यांच्याकडे कोणी नाही. मूलबाळ झालं नाही, एकुलता दीर सुरतेला गेला तो गेलाच. पारनेरजवळच्या खडीक्रशरवर दोघांनी उमेदीची वर्षं घालवली; त्या धुळीनं बन्सींना दमा जडला. मी दिलेल्या डब्यातली अर्धी पोळी भागिरथीबाई बांधून ठेवत, ते उठले तर त्यांना लागेल म्हणून.

एका दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. औषध वाढवूनही प्रेशर दाद देत नाही, नातेवाइकांना बोलावून घ्या, म्हणाल्या. मग मला जिन्यापाशी नेऊन भागिरथीबाईंनी पदराची गाठ सोडली. आत कागदाच्या पुड्या. दम्यासाठी बाजारातल्या एका औषधवाल्याकडून आणलेल्या. बन्सी वर्षानुवर्षं रोज घेत. इथं आल्यापासून बंद.

"ताई, नाकातल्या नळीतून एक सोडली तर चालंल का? तुमी सिस्टरला इचारा."

"डॉक्टरांना सांगितलं नाहीत?"

"मागं एका डाक्टरनं लई झापलं हुतं. पुड्या खायच्या तर माज्याकडं यिऊ नका म्हनला. हितनं बी हाकललं तर कुटं नेऊ?"

मी त्यांना हाताला धरून आत नेलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं, ते रोज मिळालं की शरीर स्वतःचं तयार करायचं सोडून देतं, आणि पुड्या अचानक थांबल्या की प्रेशर असं कोसळतं, असं त्यांनी समजावलं. लगेच स्टिरॉइडची इंजेक्शनं सुरू केली. वाचतीलच असं नाही, हेही सांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी प्रेशर शंभरावर आलं. सलाईनमधलं औषध कमी करायला लागले. भागिरथीबाईंना आत सोडलं. बाहेर आल्या, बाकावर बसल्या, लगेच उठल्या. मला घेऊन समोरच्या एसटीडी बूथवर गेल्या. फोन कुठं लावायचा, मी विचारलं.

"तुमच्या घरी लावा," त्या म्हणाल्या.

मी नंबर फिरवून रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. पलीकडे माझी जाऊ, नीलांबरी, कोण बोलतंय म्हणून विचारत होती.

"मी भागिरथी. तुमी मला वळकत न्हाई. आमच्या मालकांनी डोळं उघडलं," त्या म्हणाल्या, आणि बूथवाल्याकडे पाठ करून पहिल्यापासून सगळं सांगायला लागल्या.