पहिली गोळी मामांची

परभणी जिल्ह्यात आमच्या मामांइतका भित्रा माणूस दुसरा नसेल. असलाच तर तो अजून घराबाहेर पडलेला नसेल. मामा म्हणजे आमच्या आत्याचे यजमान. कुकर गॅसवर चढला की हे अंगणात. वरातीत फटाक्यांची माळ लागली की नवरदेवाच्या घोड्याआधी मामा बुजणार. एकदा पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला जाताना जीपचं टायर फुटलं. बाकीचे टायर बघायला उतरले, हे थेट ज्वारीत शिरले. त्यांना शोधता शोधता आमची आरती हुकली.

आणि असा माणूस घरात काडतुसं भरतो! सून रायफल नेमबाजीत नाव काढायला लागली, तेव्हा रीतसर परवानगी मिळवून मामांनी हे काम अंगावर घेतलं. जन्मभर लेथवर काम केलेला माणूस, त्यामुळे हात बसलेला. पण कारण ते नव्हतं. "दुसऱ्यानं भरलेलं काडतूस पोरीच्या गालापाशी? मला झोप लागंल का?" असं ते आत्याला म्हणाले.

झोप तशीही लागत नसेच. वापरलेली पितळी पुंगळी डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून पुन्हा मापात आणायची असते. कमी दाबली तर रायफलचा बोल्ट, म्हणजे मागचा अडसर, बंद होत नाही. जास्त दाबली तर ती आत ढिली बसते, फाटू शकते, अन् नेम धरणारीचा चेहरा तिथून वीतभर लांब. ती वीत काही मामांच्या डोक्यातून जात नसे. आत्याच्या डबीतलं काजळ रिकाम्या पुंगळीला फासून ते ती रायफलीत काडतूस बसतं त्या चेंबरमध्ये घालत, काजळ कुठं घासून पुसलं गेलं ते बघत, त्यावरून डाय किंचित वर घेत, परत खाली. आत्याला सणावारालाही काजळ मिळेना. एवढं करून नव्या काडतुसांतली पहिली गोळी ते स्वतःच झाडत. तोंडानं नृसिंहाचा धावा चालू. पण सुनेला आधी हात लावू देत नसत. आम्ही मागं उभे राहून खुशाल हसायचो.

यंदा मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बंदुकीचा धक्का बंद केला. निवड चाचणी तर तोंडावर आलेली. मग डाय सुनेनंच बसवली, मामांच्याच पद्धतीनं, काजळ लावून. सरावाच्या जागी तिनं पहिलं काडतूस रायफलीत घातलं आणि काळा चष्मा लावलेले मामा तिच्या खांद्याला खांदा भिडवून बसले.

"मामा, मागं व्हा बरं," ती म्हणाली.

"तू हाण. फुटलं तर दोघांवर फुटंल."

त्या दिवशी मला हसू आलं नाही.

बार झाला. सुनेनं बोल्ट ओढून पुंगळी काढली. अख्खी होती. तिनं ती मामांच्या हातात दिली. त्यांनी अंगठ्यानं ती चहूबाजूंनी चाचपली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

ती पुंगळी आता कायम तिथंच असते. कुकर चढला की मामा अजून अंगणात येतात. मी त्यांच्याकडे गेलेला असलो तर मीही त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहतो.

"आत कोण हाय?" ते विचारतात.

"सूनबाई."

मग मामा खिशातली पुंगळी मुठीत घट्ट धरतात आणि हळूहळू घरात, तिच्या शेजारी जाऊन उभे राहतात.