माझ्या गुडघ्याचं शरबत

मलकापूरच्या वानखडे डॉक्टरांनी माझा गुडघा वाचवला. त्याआधी आमच्या गावाने तो जवळजवळ पिऊन संपवला होता.

डॉक्टर तसे घरोघरच्या दुखण्यांचे. ताप, खोकला, बाळंतपण, सगळं पाहायचे. पण जीव मैदानावर! कॉलेजात कबड्डी खेळताना त्यांचाच गुडघा एका हाडवैद्याने असा काही 'बसवला' की डॉक्टरांचा खेळच संपला. तेव्हापासून दर रविवारी सायकलला पेटी बांधून ते गावोगावच्या सामन्यांना हजर.

मी सातवीत शाळा सोडलेला. दहा दिवसांनी भिलाईला कारखान्याच्या भरतीत उभं राहायचं होतं. लंगड्याला कोण घेणार? आणि नेमका तेव्हाच वडनेर भोलजीच्या मैदानात मी गुडघा मुरगळून घेतला. मला कुणी पकडलं नव्हतं. (सांगायला लाज वाटते.) जिंकलो म्हणून उडी मारली. खाली येईपर्यंत कळलं, जिंकले ते समोरचे!

"तेल नाही, चोळनं नाही," डॉक्टरांनी बजावलं. "फक्त बर्फ लावा."

बाबांनी मलकापूरहून भुसा भरलेल्या पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी एस.टी.तून आणली. भर वैशाखात बर्फ! सगळं गाव माझा पाय पाहायला लोटलं.

"लय सुजला बे!" मामा म्हणाला. पाहत होता पोत्याकडे.

मायने लिंबं कापायला घेतली.

"माय, तो बर्फ माह्या पायासाठी हाय!"

"चूप बस! उरते ना पायाले. घरी आलेल्याले कोरडं धाडू काय?"

उरलं फक्त पोतं. दुसऱ्या दिवशी दुसरी लादी आली, आणि कालची मंडळी आपापले पाहुणे घेऊन आली! तिसऱ्या दिवशी गुडघा भोपळ्याएवढा. भिलाई गेली!

तेवढ्यात डॉक्टरच लादी घेऊन दारात. ओसरीवर पंधरा पेले मांडलेले. माय रडकुंडीला आली.

"रडू नका, माय. पाजा शरबत," डॉक्टर म्हणाले. "पन आधी हे पाहा." आणि सर्वांसमोर त्यांनी ती लादी माझ्या पायावरून फिरवली. गुडघ्यावरून, टाचेवरून, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा!

"हं, आता कोन पेते?"

पुढे आलेले हात मागे गेले. मग मामाने हळूच विचारलं, "पाय धुतला हाय ना त्याचा?"

माझा पाय मांडीवर घेऊन डॉक्टर लादी विरघळेपर्यंत बसले. पुढचे चार दिवस दवाखाना आटोपला की येत राहिले. निघायच्या दिवशी मलकापूरच्या फलाटावर त्यांनी मला तीन येरझाऱ्या घालायला लावल्या.

"पास!" ते म्हणाले. "नोकरी लागली तं उडी नको मारू बे!"

नोकरी लागली. मी भिंतीला धरून उभा राहिलो.

इथे बर्फ हवा तेवढा मिळतो. डॉक्टरसाहेब, एक दिवस तुम्हाला भिलाईला आणीन आणि बर्फ घालून शरबत पाजीन. लादीला पाय लावणार नाही, शप्पत!

आणि लावलाच, तर आधी धुईन.