बिनपावडरीचा कॅरम

शिरीष गेल्याचा फोन आला तेव्हा गॅसवर दूध तापत होतं. सकाळी फिरायला गेलेला, रस्त्यातच कोसळला... हृदय. भेटायला आलेल्या एका बाईंनी चहाचा कप हातात घेत हळूच विचारलं, "पुन्हा सुरू झालं होतं का हो?" मी म्हटलं, "नाही. साखर हवीय का अजून?" माझा हा दीर कोकेनमधून बाहेर पडला आणि शेवटपर्यंत बाहेरच राहिला, हे मला मोठ्याने सांगायचं आहे.

पार्ट्या भरवणाऱ्या एका कंपनीत तो होता, तिथेच ती पावडर नाकाला लागली. आमचे हे, म्हणजे त्याचा थोरला भाऊ, त्याला येरवड्याच्या फ्लॅटवरून खडकीला आमच्या घरी घेऊन आले तेव्हा नुसती हाडं उरली होती. मला वाटलं, सिनेमात दाखवतात तसा ओरडेल, हातपाय झाडेल. कसलं काय! गडी झोपला. उठला की ताट चाटूनपुसून साफ करायचा आणि परत आडवा. मी खूश. पण डॉक्टरबाईंनी बजावलं, "एका गोळीत हे उतरत नाही. झोपू द्या, खाऊ द्या, पण एकटं सोडू नका. मन फार खाली जातं, जिवाचं बरंवाईटही करून घेतात. आणि ओढ केव्हाही उठेल."

ती उठली कॅरमवर. पूर्वी शिरीष कॅरममध्ये कोणाला हार जायचा नाही, म्हणून त्याचा वेळ जावा यासाठी ह्यांनी माळ्यावरून बोर्ड काढला. मी हौसेने डबी उघडून बोरिक पावडर भुरभुरवली. शिरीष तिच्याकडे बघतच राहिला. कपाळावर घाम, बोटं नाकाशी... आणि उठून दाराकडे निघाला. मी दारात आडवी आले.

"वहिनी, बाजूला हो."

"जेवल्याशिवाय माझ्या घरातून कुणी जात नाही."

तो उंबऱ्यावरच बसला आणि ढसाढसा रडला. मीही रडले. डॉक्टरबाई मात्र म्हणाल्या, "बरं झालं, कळलं. अशा गोष्टी हेरा आणि दूर ठेवा." मग बोरिक गेली, टाल्कम गेली, दारात रांगोळी फक्त रंगीत. कॅरम मात्र मी सोडू दिला नाही. कोरड्या बोर्डावर स्ट्रायकर अर्ध्यातच बसकण मारायचा. शेजारचे हसले तर मी सांगायची, "तुमच्याकडे स्ट्रायकर धावतो, आमच्याकडे चालत जातो. पोचल्याशी मतलब."

त्याने नोकरी सोडली, फोन नंबर बदलला, समुपदेशन आणि नशा सोडणाऱ्यांच्या गटाची बैठक कधी चुकवली नाही. मध्ये एकदा घसरला. पण लपवलं नाही, स्वतःच येऊन सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बैठकीला गेला. मला तर त्याच दिवशी वाटलं, हा जिंकणार.

पुढे बऱ्याच काळाने बुधवार पेठेतून येताना तो बोरिकची एक डबी घेऊन आला. माझ्यापुढे ठेवली. "टाक, वहिनी." मी म्हटलं, "तूच टाक." त्याने टाकली. हात जराही कापला नाही. मग सटासट सोंगट्या घेतल्या, राणी घेतली, कव्हरही घेतलं, आणि मी अशी किंचाळले की शेजारीण लाटणं घेऊन धावत आली!

त्यानंतर दर रविवारी गटातली माणसं आमच्याकडे खेळायला येऊ लागली. नवा माणूस आला की शिरीष आधी फडकं घ्यायचा. बोर्ड लखलखीत पुसायचा, डबी कपाटात. "याला झेपेल तेव्हा काढू," म्हणायचा. कित्येकांनी पुढे स्वतःहून ती डबी मागितली.

शेवटचा डाव तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी खेळला. बोर्डावरच्या पावडरीत त्याच्या स्ट्रायकरच्या रेघा होत्या, कडेला तळहाताचा ठसा. ह्यांनी बोर्ड झाकायला घेतला तर मी हातसुद्धा लावू दिला नाही. एवढंच तर उरलं होतं त्याचं.

गेल्या रविवारी गटातली माणसं आली. सोबत एक नवा होता, ओठ सुकलेले. बोर्डासमोर आला आणि थबकला. नजर पावडरीवर, बोटं नाकाशी...

मी फडकं घेतलं. सगळ्या रेघा पुसल्या, तो ठसाही पुसला, डबी कपाटात टाकली.

"बसा," मी म्हटलं. "आमच्याकडे स्ट्रायकर चालत जातो."