हलक्या चापाचं रिव्हॉल्व्हर

माझ्या छोट्या रिव्हॉल्व्हरचा चाप फार जड आहे, अशी तक्रार मी नेमबाजी क्लबात भेटेल त्याच्याजवळ करायचो. खरं सांगायचं तर माझं बोटच लेचंपेचं होतं. दिवसभर कीबोर्ड बडवणारं बोट ते, त्यात कुठून येणार बळ? चाप ओढताना हात थरथरायचा आणि गोळी शेजारच्याच्या लक्ष्यावर लागायची. शेजारचा डच माणूस हसून आभार मानायचा.

नेदरलँड्समधल्या रायस्वाइकला राहायला येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. ऑफिसातल्या एकाच्या नादानं क्लबात शिरलो, रीतसर परवाना मिळवला आणि फोनकार्ड संपेपर्यंत पुण्याला बाबांना त्याचे पोवाडे ऐकवले. बाबांनी दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस म्हणून जन्म काढलेला. खोट काढणं हा त्यांचा धंदा, आणि घरी आल्यावर तो माझ्यावर चालायचा. उभ्या आयुष्यात त्यांनी मला एकदाही शाब्बास म्हटलं नव्हतं. त्या ऑक्टोबरात ते आमच्याकडे येणार होते आणि क्लबची वार्षिक स्पर्धाही तेव्हाच होती. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

मग मी हलक्या स्प्रिंगा मागवल्या आणि स्वतःच बसवल्या. क्लबातला हत्यारं दुरुस्त करणारा म्हातारा म्हणाला होता, "माझ्याकडे आण." पण आम्ही पडलो इंजिनियर! चाप अलगद ओढला जाऊ लागला. बाबा आल्याआल्या त्यांना दाखवलं. त्यांनी रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप दोनदा ओढून पाहिला आणि विचारलं, "मूळच्या स्प्रिंगांना काय धाड भरली होती?"

खंडेनवमीला मी शस्त्रपूजा मांडली. एरवी आमच्या पूजेत स्क्रूड्रायव्हर नि लॅपटॉप. यंदा खरंखुरं शस्त्र! रुबाबदार दिसावं म्हणून घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारी मागची हातोडी, मागे ताणून ठेवला आणि हळदकुंकू, ओल्या अक्षता अशा उधळल्या की विचारू नका.

"अरे, बेतानं," बाबा म्हणाले. "कारखान्यात आम्ही यंत्राला बाहेरून कुंकवाचं एक बोट लावायचो."

मी कसला ऐकतोय! आरती झाल्यावर घोडा सावकाश खाली सोडला, वरवर फडकं फिरवलं आणि रिव्हॉल्व्हर तिजोरीत ठेवलं. पूजेचं कुंकू खरवडून काढणं जिवावर आलं.

शनिवारी स्पर्धा. बाबा स्वेटर चढवून प्रेक्षकांच्या काचेमागे बसले. मी ऐटीत नेम धरला, चाप ओढला. टक्. बार नाही. पुन्हा ओढला. टक्. पाचही काडतुसं जशीच्या तशी. पंचानं मला थांबवलं.

"स्प्रिंगा भिकार निघाल्या," मी मोठ्यांदा जाहीर केलं.

दुरुस्तीवाल्या म्हाताऱ्यानं रिव्हॉल्व्हर रिकामं केलं, घोडा मागे ओढला आणि चिमट्यानं आतून तांदळाचा दाणा काढला. लालभडक. मागोमाग आणखी एक. घोडा त्यांच्यावरच अडत होता.

"जुन्या स्प्रिंगनं यांचा भुगा केला असता," तो म्हणाला. "हिच्यात तेवढा जोर नाही. पण तांदूळ घातला कुणी?"

सगळा क्लब भोवती जमला. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात बाबा काचेमागून आले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, "मी टाकले. आमच्याकडची रीत. मुलगा नको म्हणत होता, मी ऐकलं नाही."

शाळेत माझी चूक आपणहून मास्तरांना सांगायला जाणारा हा माणूस! लोक हसले, पण प्रेमानं. कुणीतरी त्यांना कॉफी आणून दिली. 'नाही, मीच टाकले' एवढं म्हणायला मला भरपूर वेळ होता. मी खांदे उडवले आणि त्या डच शेजाऱ्याला इंग्रजीत म्हणालो, "काय करणार, म्हाताऱ्या माणसांना सांगून कळत नाही."

बाबा शेजारीच कॉफी पीत होते. एवढं इंग्रजी त्यांना येत होतं.